जुन्या फायबरच्या गाडीची झळाळी

नाशिकच्या मुलामुलींस भांडीं उजळण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाहीं. गोदाकांठच्या भांडी बाजारांतून एक फेरी मारली तरी तांब्यापितळेची झळाळी म्हणजे काय हें डोळ्यांस कळतें. आणि घरांतील तांब्याचा हंडा काळवंडला तर तो चिंचेच्या कोळानें उजळतो, हें आईजवळ बसून पाहिलेलें असतें. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्यापुढें अशी एक वस्तु आली कीं, तिच्यापुढें चिंच, लिंबू, राख व रांगोळी ह्या सर्वांनीं हात टेकले. त्या वस्तूचा जो अभ्यास आम्हीं व आमच्या आठ विद्यार्थ्यांनीं केला, तो ह्या अंकाच्या वाचकांस, विशेषतः ज्या पालकांच्या घरीं फायबरचा दरवाजा किंवा गाडीचें फायबरचें छप्पर आहे त्यांस, उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

ती वस्तु म्हणजे एक जुनी जीप होय. तिच्या मालकांचा नातू आमच्या नववीच्या वर्गांत आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं त्या गृहस्थांनीं जीपच्या मागल्या भागावर फायबरची एक बंदिस्त खोली बसवून घेतली. आंत निजण्यास दोन फळ्या, स्टोव्ह ठेवण्यापुरता ओटा, दोन्ही अंगांस सरकत्या कांचेच्या खिडक्या. एवढेंच तें चालतें घर. त्यांतून आजोबा व आजी भंडारदऱ्यास, सप्तशृंगीच्या गडाखालीं, कोंकणांत पार हरिहरेश्वरापर्यंत फिरलीं. आजी वारल्यावर गाडी अंगणांत उभी राहिली, ती आठ वर्षें तशीच. मूळचा गर्द निळा रंग उडून ती खडूनें माखलेल्या पाटीसारखी दिसूं लागली. हात लावला तर बोटें पांढुरकीं होत. एका गिऱ्हाइकानें तिची किंमत भंगाराच्या हिशेबानें केली, तेव्हां आजोबा रागावले नाहींत, पण त्या दिवशीं जेवलेही नाहींत, असें नातवानें आम्हांस सांगितलें.

आम्ही पाहावयास गेलों तेव्हां ते म्हणाले, “मास्तर, झालें तिचें. वरून रंग मारतों आणि देऊन टाकतों.”

“आजोबा, रंग केव्हांही मारतां येईल,” आम्हीं म्हटलें. “आधीं हिचा स्वतःचा रंग आंत शिल्लक आहे कीं नाहीं, एवढें आम्हांला पाहूं द्या.”

‘फायबर’ हें नांव आपल्याकडील गॅरेजांत सर्रास चालतें, पण तें अर्धेंच नांव आहे. केंसाहून बारीक अशा कांचेच्या तंतूंची चटई आणि तिला घट्ट धरून ठेवणारें पॉलिएस्टर जातीचें रेझिन, अशीं दोन द्रव्यें मिळून तो पदार्थ होतो. खेड्यांतील घराची भिंत लिंपतांना मातींत भाताचें तूस मिसळतात, तें ज्या हेतूनें, त्याच हेतूनें येथें कांचेचे तंतु असतात. माती एकटी तडकते, तसें रेझिनही एकटें तडकतें. परंतु ही चटई दिसावयास खडबडीत. मग नव्या गाडीचें अंग आरशासारखें गुळगुळीत कसें?

ह्याचें उत्तर आमच्या एका विद्यार्थिनीनें मोदकाच्या साच्यावरून बरोबर ओळखलें. साच्यांत जशा पाकळ्या कोरलेल्या असतात तशाच मोदकावर उठतात. फायबरचेंही तसेंच आहे. कारागीर प्रथम एक साचा करतो व त्याचें आंतलें अंग घासून, मेण लावून लखलखीत करतो. मग त्यांत रंग मिसळलेल्या रेझिनचा, सुमारें अर्धा मिलीमीटर जाडीचा, थर देतो. ह्या थरास ‘जेलकोट’ म्हणतात. तो जरा घट्ट झाला कीं त्याच्यावर चटई व रेझिन ह्यांचे थर चढवितो, आणि सर्व कठीण झाल्यावर वस्तु साच्यांतून काढतो. अर्थात् साच्यांत जो थर सर्वांत आधीं गेला तोच बाहेर सर्वांत वर येतो, आणि त्याची चकाकी ही त्याची स्वतःची कमाई नसून साच्याच्या चकाकीची छाप असते. वस्तु एकदां साच्याबाहेर पडली म्हणजे ती छाप पुन्हां मिळावयाची नाहीं. पुढें जें कांहीं करावयाचें तें हातानें, आणि त्या अर्ध्या मिलीमीटरांतच. हा अर्धा मिलीमीटर वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व हकीकत त्याच्याच जमाखर्चाची आहे.

आतां ही चकाकी जाते कशी? सूर्यप्रकाशांत जांभळ्या रंगापलीकडचे, ४०० नॅनोमीटरहून आंखूड लहरींचे जे अतिनील किरण असतात, त्यांच्या अंगीं रेझिनच्या लांब साखळ्या तोडण्याइतकी शक्ति असते. तुटलेल्या ठिकाणीं हवेंतील प्राणवायु जाऊन बसतो, पृष्ठभाग ठिसूळ होतो, रेझिन झिजून रंगाचे कण सुटे पडतात. हीच ती बोटांस लागणारी भुकटी. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांवर असल्यामुळें येथें सूर्य वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत व जुलैच्या चवथ्या आठवड्यांत, भर दुपारीं अगदीं डोक्यावर येतो. जुलैंत ढग आडवे येतात. मे महिन्यांत कोण येणार? म्हणून गाडीच्या उभ्या बाजूंपेक्षां तिचें छप्पर अधिक पोळतें. ही गोष्ट पुढें फार महत्त्वाची ठरली.

भुकटी पुसून काढली तरी चकाकी येत नाहीं, कारण खालचा पृष्ठभाग सपाट राहिलेला नसतो. गंगापूर धरणाचें पाणी पहाटे निश्चल असतें तेव्हां पलीकडचे डोंगर त्यांत उमटतात. वारा सुटला कीं तेंच पाणी, तोच प्रकाश, पण डोंगर नाहींसे होतात. बारीक खाचांनीं भरलेल्या जेलकोटवरून प्रकाश असाच सैरावैरा परत फिरतो, आणि खालच्या रंगावर पांढुरकें धुकें पसरल्यासारखें दिसतें.

हें मुलांस पटावें म्हणून आम्हीं गाडीच्या बाजूवर तांब्याभर पाणी ओतलें. क्षणांत जुना गर्द निळा रंग वर आला! आजोबा खुर्चीवरून उठून जवळ आले. पण ऊन होतें. पांच मिनिटांत पाणी वाळलें आणि पुन्हां खडूचा खडू. पाण्यानें खाचा भरल्या होत्या, एवढेंच. वक्रीभवनाचा अंक हवेचा १, पाण्याचा १.३३ व रेझिनचा सुमारें १.५५, म्हणजे हवेच्या मानानें पाणी हें रेझिनचें पुष्कळ जवळचें आप्त. त्यामुळें खाचांच्या भिंतींवरून विखुरणारा प्रकाश कमी झाला, व वर पाण्याचा सपाट पडदा तेवढा राहिला. ह्या प्रयोगापासून आम्हांस समजलें कीं, रंग आंत जिवंत आहे. एक व्यवहाराची गोष्टही समजली: जुनी गाडी विकणारे कांहीं लोक तिला तेल पुसून आणतात, तें हेंच पाणी, मात्र सावकाश वाळणारें. लादीवर लावावयाचे चकाकीचे द्रव फायबरवर चढविण्याचीही एक रीत आहे. त्या योगें कांहीं महिने शोभा येते हें खरें. परंतु पुढें तो थर उन्हानें पिवळा पडून त्याचे पापुद्रे सुटूं लागले, म्हणजे ते काढणें मूळ कामाहून जड जातें. आमचें मत त्याच्या विरुद्ध आहे.

चिंचेचा प्रयोगही झाला, कारण एका विद्यार्थ्याच्या आईनें वाटीभर कोळ मुद्दाम पाठविला होता. तांब्यावरचा काळा थर हा मुख्यतः तांबें व प्राणवायु ह्यांच्या संयोगाचा. चिंचेंतील टार्टारिक आम्ल त्यास विरघळवून वाहून नेतें आणि खालीं नवें तांबें उघडें पडतें. जेलकोटच्या मेलेल्या थरावर ह्या आम्लाची मात्रा चालत नाहीं. तो घासून, झिजवूनच काढावा लागतो. आजोबा जो रंग मारणार होते तो कल्हईच्या जातीचा उपाय होता. कल्हईवाला भांड्यावर कथलाचा नवा थर चढवितो, तसा गाडीवर रंगाचा. आम्हांस कल्हई करावयाची नव्हती. खालचें मूळ अंग शोधावयाचें होतें.

फायबरचें चालतें घर ही कांहीं आजोबांची एकट्याची लहर नव्हे. अमेरिकेंत शेव्हरोले कंपनीनें १९५३ सालीं ‘कॉर्व्हेट’ ही फायबरच्या अंगाची मोटार कारखान्यांत काढण्यास आरंभ केला. कॅनडांतील विनिपेग शहरीं १९६८ सालीं ‘बोलर’ नांवाची, मोटारीमागें ओढावयाची, अंड्याच्या आकाराची लहानशी फायबरची खोली निघाली. तिचे जनक रे ओलेको ह्यांनीं त्यापूर्वीं फायबरची संडासाची टाकी तयार केली होती, हें ऐकून वर्गांत बराच वेळ हंशा चालला. त्या खोल्या हौसेनें उजळून वापरणारे लोक आजही तिकडे आहेत. आपल्या देशांत बंगलोरच्या सिपानी कंपनीनें १९८२ सालीं ‘डॉल्फिन’ ही फायबरच्या अंगाची मोटार काढली. पण ती फार काळ चालली नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा निवासी गाड्यांच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या, पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण ठरविलें, हें सांगतांच आजोबा म्हणाले, “म्हणजे सरकारला आमच्या मागून वीस वर्षांनीं सुचलें म्हणायचें!”

असो. कामास आम्हीं सकाळचे सात ते दहा हे तास ठरविले आणि गाडी घराच्या पश्चिमेस सावलींत घेतली. तापलेल्या अंगावर कोणतेंही मलम टाकलें तर तें वाळून चिकटतें. पहिला सबंध दिवस धुण्यांतच गेला, आणि तो कोणीं चुकवूं नये. वाळूचा एक कण फडक्याखालीं राहिला तर तो हातभर ओरखडा काढतो. भांड्यांचा सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ फडकें, आणि उत्तरेच्या अंगास चढलेल्या शेवाळासाठीं मऊ ब्रश, एवढें साहित्य पुरलें. धुतां धुतां मुलांनीं जागोजाग नाण्यानें टकटक करून पाहिलें. निरोगी फायबरचा आवाज टणक येतो. आंतले थर सुटले असतील तेथें तो बोदा येतो. मागल्या दाराखालीं असें एक ठिकाण सांपडलें. त्यावर खूण करून तें कारागिरासाठीं ठेवलें. खिडकीच्या रबरी पट्टीजवळून पाणी आंत झिरपत असल्याचेंही दिसलें. ती पट्टी आम्हीं सर्वांच्या आधीं बदलविली. पाणी आंत जात असतां बाहेर चकाकी आणणें म्हणजे गळक्या घरास चुना लावणें होय.

नंतर मागल्या चाकाच्या वर, जेथें सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं अशा जागीं, वीतभर चौकोन आंखून त्यावर प्रयोग केले. नियम एकच ठेवला: सौम्य उपायानें काम होत असेल तर कडक उपाय हातीं घ्यावयाचा नाहीं, कारण प्रत्येक घासणीबरोबर त्या अर्ध्या मिलीमीटरांतून कांहीं तरी खर्च होतें, आणि तें परत येत नाहीं. प्रथम नुसतें पॉलिश लावलें, कांहीं नाहीं. मग रबिंग कंपाऊंड, म्हणजे बारीक कठीण कणांचें मलम, ओलसर फडक्यानें गोल गोल घासलें. थोडा रंग आला, चकाकी नाहीं. शेवटीं पाण्याचा पॉलिश पेपर घ्यावा लागला. त्याच्या पाठीवर आंकडा छापलेला असतो. आंकडा जितका मोठा तितके कण बारीक. आम्हीं १००० पासून आरंभ केला, मग १५००, मग २०००. प्रत्येक पेपर पाण्यांत भिजवून, रबरी ठोकळ्यास गुंडाळून, हलक्या हातानें चालविला. येथील एक युक्ति मुलांस फार आवडली. १००० चा पेपर आडवा चालविला तर १५०० चा उभा चालवावा, आणि आडव्या रेघा अगदीं नाहींशा होईपर्यंत तो सोडूं नये. पुढचा पुन्हां आडवा. अशानें काम कोठें अपुरें राहिलें हें रेघाच सांगतात.

२००० चा पेपर फिरल्यावर अंग हातास रेशमासारखें लागतें, पण दिसतें मंदच. नवशिक्याचा धीर सुटतो तो येथें. त्यावर कंपाऊंड व मग आणखी बारीक पॉलिश चालविल्यावर एकाएकीं घराच्या खिडकीची चौकट त्यांत दिसूं लागली. तिसऱ्या दिवशीं एका मुलीनें त्या वीतभर चौकोनांत आपलें तोंड पाहिलें व धांवत जाऊन आजोबांस बोलावून आणलें. ते कांहीं बोलले नाहींत. खिशांतून रुमाल काढून त्यांनीं तो चौकोन पुसला. वास्तविक पुसण्याची कांहीं गरज नव्हती.

पेपर ओला ठेवण्याचें दुसरेंही कारण आहे. कोरड्या घासण्यानें रेझिनची, व घासणी खोल गेली तर कांचेचीही, धूळ उडते. ती फुप्फुसांस अपायकारक असून कातडीस खाज आणते. मुलांच्या नाकातोंडावर मास्क व हातांत मोजे होते. निघालेला निळा चिखल आम्हीं फडक्यांनीं टिपून कचऱ्यांत टाकला, गटारांत सोडला नाहीं. आपलीं गटारें शेवटीं कोणत्या नदीस मिळतात हें नाशिककरांस सांगावयास नको.

दोन्ही बाजू पेपरनें झाल्यावर पॉलिशसाठीं विजेचें बफिंग यंत्र भाड्यानें आणलें. ओल्या जागीं वीज वापरणें धोक्याचें, म्हणून त्या दिवशीं पाण्याच्या बादल्या दूर ठेवल्या, व यंत्र मुलांच्या हातीं न देतां आम्हीं स्वतः चालविलें. चूक जी झाली ती आमच्याच हातून झाली, मुलांच्या नव्हे. हें येथें स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. कडांवर व कोपऱ्यांवर जेलकोट पातळ असतो, तेथें कागदी चिकटपट्टी लावावी व तेवढा भाग हातानें करावा, असें मुलांस आम्हींच सांगितलें होतें. डाव्या मागल्या कोपऱ्यावरची पट्टी सुटली होती. आम्हीं बोलतां बोलतां यंत्र तेथें दोन-चार क्षण अधिक ठेवलें. निळा रंग फिका झाला, आणि नखाएवढ्या जागेंत कांचेच्या चटईचें जाळें दिसूं लागलें. सर्व मुलें गप्प झालीं. नातू हळूच म्हणाला, “सर, अर्धा मिलीमीटर संपला.”

यंत्र थांबविलें. त्या दिवशीं पुढें काम झालें नाहीं.

अशा जागेस नवा जेलकोट भरतां येतो. त्यांत शंभरास एक ते दोन भाग कठीण करणारें द्रव्य, कारागिरांच्या भाषेंत ‘हार्डनर’, मिसळावें लागतें. ह्या द्रव्याचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाण्याची भीति असते. म्हणून मुलांस दूर बसवून, चष्मा व मोजे घालून तें काम आम्हीं केलें. दुसरी एक गंमत अशी कीं, साधा जेलकोट उघड्या हवेंत वरून चिकटच राहतो, कारण प्राणवायु त्याच्या कठीण होण्याच्या आड येतो. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून लावला म्हणजे तो नीट बसतो. दुसऱ्या दिवशीं तो भाग घासून सारखा केला. परंतु पंचवीस वर्षांचा निळा बाजारांत कोठून मिळणार? डाग राहिला. आम्हीं आजोबांची क्षमा मागितली व तो कोपरा कारागिराकडून पुन्हां करून देण्याची तयारी दाखविली. ते म्हणाले, “राहूं द्या, मास्तर. त्याच कोपऱ्यानें हिच्या आजीनें शेजाऱ्यांचें फाटक उडविलें होतें.” आणि त्या मुलीकडे पाहून हंसले, गाडीवर तोंड पाहणारी ती मुलगी ही त्यांची धाकटी नात, हें आम्हांस तेव्हां कळलें.

छपराचा निर्णय मात्र कठीण गेला. तेथें नुसतें कंपाऊंड घासलें तरी चटईचें जाळें सर्वत्र उमटूं लागलें. आमच्या हातून जें एका कोपऱ्यावर क्षणांत झालें, तें छपरावर उन्हानें पंचवीस उन्हाळ्यांत करून ठेवलें होतें. मुलांचा आग्रह होता कीं निदान एक भाग घासून पाहावा. पण घासावयास कांहीं शिल्लक असेल तरच घासणें. नसतें तेथें घासण्यानें कांच उघडी पडते आणि पाणी आंत शिरतें. दोन दिवस वाद चालला. शेवटीं छपरास अस्तर देऊन पांढरा पॉलियुरेथेन रंग गॅरेजमधून मारून घेतला. पांढऱ्या रंगानें खोली उन्हाळ्यांत थंड राहील, हा लाभ निराळा. म्हणजे अखेरीस एक कल्हई झालीच.

बाजूंवर मेणाचे दोन पातळ हात दिले. मेण चकाकी निर्माण करीत नाहीं. पाणी व मळ ह्यांस दूर ठेवतें, व ऊनपाऊस ह्यांत जेलकोटच्या आधीं स्वतः झिजतें. म्हणूनच तें पुनः पुनः द्यावें लागतें: एकदां कडक उन्हाळ्यापूर्वीं, एकदां पावसाळा सरल्यावर. गाडी झाडाखालीं उभी करण्यापेक्षां छपराखालीं उभी करावी. झाडाचा चीक व पक्ष्यांची विष्ठा ह्यांचे डाग उन्हापेक्षां लवकर चढतात. हवा खेळेल असें कापडी आच्छादन चालेल, प्लॅस्टिकचें नको; त्याखालीं वाफ कोंडते.

इंजिनाचें व कागदपत्रांचें काम निराळें झालें, त्याची हकीकत येथें प्रस्तुत नाहीं. नाताळच्या सुटींत आजोबा दोन्ही नातवंडांस घेऊन भंडारदऱ्यास जाऊन आले. परत आल्यावर गाडी धुतली तेव्हां पाण्याचे थेंब निळ्या बाजूंवरून मण्यांसारखे घरंगळले. दाराच्या आंतल्या अंगास नातवानें एक कागद चिकटविला आहे. त्यावर मेण दिल्याची तारीख असून तिच्याखालीं ‘पुढील मेण: एप्रिल अखेर’ असें लिहिलें आहे. ही वार्षिकपत्रिका वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां तो दिवस जवळ आलेला असेल, व फडकीं धुऊन तयार ठेवण्याचें काम मुलांनीं आपसांत वाटूनही घेतलें आहे.